पान चौऱ्याऐंशीवरचा शेरा

रविवार, नऊ नोव्हेंबर. आज तुमचं कपाट रिकामं करायला घेतलं, अक्का. मंगळवारी रंगारी येतोय. तुमच्या खोलीच्या भिंतीला ओल आली आहे हे तुम्हीच पावसाळाभर सांगत होतात. तेरावा झाला, पाहुणे गेले, आता सबब उरली नाही. तुमचा भाऊ दोनदा दारापर्यंत आला आणि दोन्ही वेळा 'भाजी घेऊन येतो' म्हणून गेला. घरात तीन दिवसांची भाजी पडून आहे.

साड्या धोब्याकडच्या घडीत तशाच होत्या. स्वेटर तीन, त्यातला एक माझा, जो मी चार वर्षं शोधत होते. अडकित्त्याच्या डब्यात तुमचं घड्याळाच्या कारखान्यातलं भिंग सापडलं, डोळ्याला लावायचं, काळं. त्याच्या कडेला तुमच्या भुवईच्या वळणाची झीज आहे. ते बाजूला ठेवलं. सगळ्यात खाली, खाकी कागदाचं कव्हर घातलेलं कारखान्याचं पुस्तक होतं. कव्हरवर कुंकवाचा डाग, ह्याच दसऱ्याचा.

ह्या पुस्तकावरून आपलं भांडण एकतीस वर्षं चाललं, आणि ते मी पहिल्याच दिवशी जिंकले असं आज दुपारपर्यंत समजत होते.

पुस्तकाचं नाव आपल्याला कधीच कळलं नाही. मराठी मंडळाच्या ग्रंथालयात ते आलं तेव्हाच पहिली पानं गळालेली होती. ग्रंथालय सांभाळणाऱ्या वेंकटरावकाकांनी उरलेल्या पानांना पुठ्ठ्याची जिल्द बांधली, पाठीवर नंबर घातला. लेखक कोण, छापलं कधी, काही नाही. लढाईच्या काळातला एक कारखाना, एक छावणी, एक नदी. गावाचंही नाव नाही. तुम्ही म्हणायचात, "नाव कशाला पाहिजे? भोंगा झाला की सगळी गावं सारखीच."

मी बेळगावहून तुमच्या भावाशी लग्न होऊन राजाजीनगरच्या ह्या घरात आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. मेकॅनिकलचा डिप्लोमा, वर्गातली एकटी मुलगी, आणि त्याचा ताठा पुरेपूर. तीन महिन्यांत पीण्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत नोकरी धरली, तपासणी विभागात. आधीच्या कुठल्या सुनेनं ह्या घरातून डबा घेऊन बाहेर पाऊल टाकलं नव्हतं. सासूबाईंना ते रुचलं नाही. तुम्ही काही भाषण केलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ओट्यावर दोन डबे भरलेले होते, एक तुमचा, एक माझा. "बस पावणेसातला येते," म्हणालात. "केस वाटेत वाळतात."

तुमच्या मराठीत मला अर्धा वेळ कानडी ऐकू यायचं. कानडी मलाही येत होतं, पण ते आमच्याकडचं. पहिल्यांदा मी दूधवाल्याला 'या' म्हणायला 'बर्री' म्हटलं तेव्हा तुम्ही ओट्याला टेकून हसलात. "बर्री नव्हे गं, बन्नी. तू बोललीस की वाटतं बैलगाडी आली." मी म्हटलं, "आणि तुम्ही मराठी बोललात की वाटतं भाषांतर चाललंय." सासूबाईंनी जपमाळ थांबवली. तुम्ही म्हणालात, "सरी, ठीक आहे. हिला तोंड आहे." मला तेव्हाच कळलं की ह्या घरात माझं जमेल.

कारखान्याचं पुस्तक तुम्ही मला नोकरी लागली त्याच महिन्यात दिलंत. तुमचे वडील लढाईच्या दिवसांत इथल्या विमानांच्या कारखान्यात लागले होते. कामाबद्दल ते घरी एक अक्षर बोलायचे नाहीत. तसा हुकूमच होता, आणि लढाई संपल्यावरही त्यांची ती सवय गेली नाही. "अण्णांनी सांगितलं नाही ते सगळं ह्यात आहे," तुम्ही म्हणालात. मी विचारलं, ह्यात लढाई कुठं आहे? एकदाही तोफ वाजत नाही. तुम्ही म्हणालात, "लढाई लांब. इथं डब्यात काय आहे ते बघ."

खरंच तेवढंच आहे त्यात. खिडक्यांच्या काचांना काळा रंग फासलेला, म्हणून भर दुपारी दिवे. साखरेच्या रांगेत बायकोला उभं करून पाळीवर आलेला एक लोहार. बॉयलरच्या पाइपावर पंचा वाळत घालणारा दुसरा, ज्याचा पंचा रोज कुणीतरी लपवतं. लिंबाच्या लोणच्याच्या एका फोडीवरून दोन फिटरांचा तीन आठवडे अबोला. फाटकापाशी फळीवर टांगलेले हजेरीचे पितळी बिल्ले, प्रत्येकावर नंबर. मला कंटाळा आला, हे खरं सांगते. मी दिवसभर कारखान्यात असायचे. घरी येऊन परत कारखानाच कशाला वाचायचा?

तरी वाचत होते, चौऱ्याऐंशीव्या पानापर्यंत. तिथं रखमाजी नावाचा म्हातारा टर्नर लेथवरून नुकताच कातलेला लोखंडी जॉब काढतो. हाताला सोसवत नाही म्हणून फडक्यात धरतो, आणि तसाच मायक्रोमीटर लावून माप घेतो. माप बरोबर येतं. तो जॉब पुढं सरकवतो. मी समासात पेन्सिलनं लिहिलं, 'चूक. गरम जॉब मोजत नाहीत.' ग्रंथालयाच्या पुस्तकात. आणि पुस्तक मिटलं.

हे तुमच्यासाठी लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण हे बाकीचेही कुणी वाचतील म्हणून सांगते. लोखंड तापलं की फुगतं. गरम असताना माप बरोबर आलं तर निवल्यावर ते केसाच्या निम्म्यानं कमी भरणार, आणि तो तुकडा वाया. म्हणून जॉब टेबलावर ठेवायचा, थांबायचं, मग मोजायचं. तपासणीत पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

मंडळात तेव्हा महिन्यातल्या एका रविवारी कुणीतरी एका पुस्तकाबद्दल बोलायचं. दहा-बारा माणसं, कॉफी, चिवडा. त्या महिन्यात तुमची पाळी होती. तुम्ही हे पुस्तक घेतलंत. कागद न घेता बोललात, अर्धा तास. इतकं लांब बोलताना मी तुम्हाला त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. अण्णांच्या बंद तोंडाबद्दल बोललात. मग विचारलंत, कुणाला काही म्हणायचंय? मी उठले.

"लेखकानं कारखाना बाहेरून पाहिलाय," मी म्हटलं. "गरम जॉब कुणी मोजत नाही. ज्याला एवढं ठाऊक नाही त्याच्या बाकीच्या गोष्टींवर विश्वास का ठेवायचा?"

"तू पुढं वाचलंस?" तुम्ही विचारलंत.

"पुढं कशाला? इथंच कळलं." एवढ्यावर थांबायला हवं होतं. थांबले नाही. "अक्का, तुम्ही घड्याळं जोडता. हे कटाईचं काम आहे. ते वेगळं असतं."

कॉफी झाली असेल म्हणून मी आत गेले. पेले भरून ताट घेऊन बाहेर आले तर सगळे हसत होते. वेंकटरावकाका मांडीवर थाप मारून म्हणाले, "अय्यो इंदू, तुझ्या भावजयीनं लेखकालाच नापास केलं की." तुम्हीही हसत होतात. "सरी," म्हणालात, "घरात इन्स्पेक्टर आली." ते नाव मला चिकटलं. मला ते आवडलंही. वेंकटरावकाका ती गोष्ट नंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत सांगत राहिले, आणि मी प्रत्येक वेळी थोडी मान ताठ करून ऐकत राहिले.

तुम्ही मात्र मंडळात परत कधी पुस्तकावर बोलला नाहीत. मी ते त्या वेळी लक्षात घेतलं नाही. लक्षात आलं तेव्हा विचारलं नाही.

मंडळाची जागा गेली, पुस्तकं वाटली गेली, तुम्ही एवढं एकच घरी आणलंत. मग दसऱ्याच्या आयुधपूजेला ते देवापुढं यायला लागलं. माझं मापाचं व्हर्निअर, तुमच्या भावाचा स्क्रूड्रायव्हर, तुमचं काळं भिंग, आणि शेजारी हे. पहिल्या वर्षी मी म्हटलं, "आयुधांत पुस्तक?" तुम्ही म्हणालात, "ते अण्णांचं आयुध." हळदकुंकू वाहिलंत, लिंबू ठेवलंत, आणि माझ्याकडं न बघता विचारलंत, "वाचलंस?"

"वेळ नाही, अक्का."

"सरी."

वर्षातून एकदा, एवढंच. नंतर त्याची गंमत झाली. तुम्ही कुंकवाचं बोट पुस्तकावर टेकवायच्या आधीच मी म्हणायची, "नाही वाचलं." तुम्ही म्हणायचात, "विचारलं कुणी?" आपण बाकी कशाकशावर भांडलो नाही? कॉफीत चिकोरी किती, आमटीत गूळ घालावा की नाही, मी कामाहून उशिरा आले की तुम्ही गॅलरीत का उभ्या राहता. ती सगळी भांडणं कधी ना कधी मिटली. गूळ घालायला लागले मी. हे एकच उरलं, कारण त्यात मी बरोबर होते.

दीड वर्षापूर्वी तुम्हाला अक्षरं दिसेनाशी झाली. ज्या डोळ्यांनी तुम्ही केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या त्यांना मथळेही दिसेनात. तुम्ही त्याबद्दल रडला नाहीत. फक्त रेडिओचा आवाज वाढवलात. शनिवारी मला अर्धा दिवस. जेवण झालं की मी तुमच्या खोलीत पंख्याखाली बसून वाचून दाखवायची. तुम्ही हेच पुस्तक मागायचात, पण सलग नाही. "ते लोणच्याचं वाच." "काचांना काळं फासतात ते वाच." तुम्हाला पाठ होतं, मी शब्द गाळला की पडल्यापडल्याच दुरुस्त करायचात. आणि मी ऐंशीच्या आसपास आले की तुम्ही हात वर करायचात. "साकु. इथून पुढचं नको. ते तुझं तू वाच."

एकदा मी म्हटलं, "त्यात चूक आहे म्हणून लाज वाटते काय तुम्हाला?"

तुम्ही पंख्याकडं तोंड केलंत. मग म्हणालात, "होय की. लाज वाटते." आणि हसलात.

आज कपाटापुढं फरशीवर बसून मी पान चौऱ्याऐंशी उघडलं. माझा शेरा होता तसाच होता. तेव्हा माझं अक्षर किती टोकदार होतं. शेजारच्या पानापासून पुढची तेरा पानं तिथंच बसून वाचली. पाय बधिर झाले तरी उठले नाही.

पंच्याऐंशीव्या पानाच्या पहिल्याच ओळीत रखमाजीला माहीत आहे. गरम जॉब मोजू नये हे त्याला तीस वर्षांपासून माहीत आहे. पण वरून हुकूम आलाय, कालच्या तिप्पट माल हवा. थंड करायला जे तेल-पाणी लागतं त्याची टंचाई. थांबायला वेळ नाही, निववायला काही नाही. सगळेच टर्नर गरम मोजतायत आणि सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी निवलेला माल तपासणीत पडतो. साहेबाला एक माणूस हवा असतो. बिघडलेला लॉट रखमाजीच्या नंबरावर निघतो. साहेब हुकूम देतो की ह्याचा बिल्ला फळीवर उलटा टांगा, आल्यागेल्याला दिसू दे माल कुणी बिघडवला. म्हातारा फाटकातून आत येताना स्वतःच्या उलट्या बिल्ल्याकडं बघतो आणि लेथवर जातो.

पुढच्या सकाळी फळीवरचे सगळेच बिल्ले उलटे असतात. कुणी केलं, कधी केलं, लेखक सांगत नाही. ज्या दोन फिटरांचा अबोला आहे त्यांचेही उलटे. त्यात एकट्या म्हाताऱ्याचा असा वेगळा दिसत नाही. साहेब येतो, फळीपुढं उभा राहतो, आणि चहाला निघून जातो. त्यानंतर रखमाजी बाकीच्यांना शिकवतो, जॉब तळहाताला किती भाजतो त्यावरून माप किती मोठं सोडायचं. ह्याचं प्रकरण तेवढ्यावर संपतं. पुढचं साखरेच्या रांगेनं सुरू होतं.

अक्का, ती चूक नव्हती. तो त्या पुस्तकाचा कणा होता. ज्यानं ते लिहिलं त्याला हातानं माहीत होतं, आणि मी ते त्याच्याच तोंडावर मिटलं. वर तुम्हाला सांगितलं की तुम्हाला कटाईतलं काय कळतं.

तुम्ही हे पहिल्याच दिवशी एका वाक्यात मिटवू शकला असतात. 'पुढचं पान वाच' एवढं म्हटलं असतंत तर माझी त्या दहा-बारा माणसांपुढं चांगली जिरली असती, आणि जिरायलाच हवी होती. नंतर घरी, ओट्यापाशी, कुणी नसताना सांगू शकला असतात. एकतीस वर्षं गेली. मला राग आला तुमचा, खरं सांगते. माणसानं एवढं गप्प का बसावं? हे अण्णांचंच वळण. मग राग गेला, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले. तुमचा भाऊ भाजी घेऊन आला होता. पुन्हा दोडकी. माझ्या तोंडाकडं बघून त्यानं ती स्वतःच फ्रीजमध्ये ठेवली.

मला वाटत होतं की तुम्ही गेलात त्याचं जे काय व्हायचं ते दवाखान्यात होऊन गेलं. तिथं मी कागद सह्या करून दिले, फोन केले, सगळ्यांना जेवायला घातलं. आज दोडकी चिरताना हात थांबला. पाच मिनिटं. मग चिरली.

सोमवार. सकाळी साडेसहाच्या आधीच वेंकटरावकाकांना फोन लावला. त्या दिवशी मंडळात असलेल्यांपैकी आता ते एकटेच आहेत. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, पण पाचला उठून कॉफी घेऊन बसलेले असतात.

"काका, मी शैला."

"इन्स्पेक्टर. सांग अम्मा."

"ते कारखान्याचं पुस्तक वाचलं. पान चौऱ्याऐंशीच्या पुढचं. चूक माझी होती. चारचौघांत बोलले होते, म्हणून चारचौघांतले जे आहेत त्यांना सांगतेय. तुम्हीच आहात."

"एवढंच? सकाळी सकाळी फोन वाजला, मला वाटलं कोण गेलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मग? जिल्द कुणी बांधली? पानं सुटी होती, एकेक वाचून लावली मी. तिथं बसलेल्या निम्म्यांनी ते वाचलं होतं."

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

"बोलणार होतो की. तोंड उघडलं होतं. तू कॉफी आणायला आत गेलीस, आणि इंदू उठून उभी राहिली." त्यांनी कॉफीचा घोट घेतलेला मला ऐकू आला. "म्हणाली, पोर नवीन आहे, परक्या गावात आलीय. बिल्ले उलटे करा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तेवढंच म्हणाली," काका म्हणाले. "वाचलेले सगळे समजले, न वाचलेल्यांना आम्ही कोपरानं ढोसलं. तू बाहेर आलीस तसे हसायला लागलो. मी जरा जास्त हसलो. इंदू नंतर मला रागावली, स्वल्प कमी हसला असतात तर चाललं असतं म्हणून."

"आणि लग्नामुंजीत सांगत राहिलात ते?"

"तुला आवडायचं की," काका म्हणाले. "इंदूलाही. ती मागं उभी राहून तुझं तोंड बघायची."

फोन ठेवला. बसला दहा मिनिटं होती. पुस्तक उघडून पान चौऱ्याऐंशी काढलं. तपासणीच्या कागदावर खोडरबर चालत नाही. चुकलेला शेरा वाचता यायला हवा, आणि कुणी, कधी दुरुस्त केला तेही दिसायला हवं. मी 'चूक' ह्या शब्दावरून एक सरळ रेघ मारली. शेजारी सही केली, तारीख घातली. पुस्तक तुमच्या भिंगाशेजारी ठेवलं, डबा उचलला आणि कामाला गेले.